सपाटीवरून गड पाहताना



आजचा विषय ठरला तेव्हा संयोजकांपैकी एकाने आम्हाला हसत विचारलं, "सर, बारामती-इंदापुरात गड कुठला? इथं उसाशिवाय उंच काही नाही." प्रश्न गमतीचा होता, पण खोटा नव्हता. पश्चिमेला मावळात जन्मलेल्या मुलाला घराच्या दारातून एखादा तरी किल्ला दिसतो. आपल्याकडच्या मुलाला दिसतं ते कॅनॉलचं पाणी, साखर कारखान्याचं धुराडं आणि क्षितिजापर्यंत सपाट रान. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, मधून येणारी कऱ्हा. त्यामुळे आपल्या मनात एक समजूत पक्की झाली आहे. इतिहास तिकडे डोंगरात घडला, आपण इकडे फक्त जोंधळा पिकवला आणि पुढे कॅनॉल आल्यावर ऊस लावला.

ही समजूत आज थोडी तपासून पाहू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहास नव्हे. तेव्हा सनावळ्या आम्ही कमी सांगू. पडका किल्ला पाहायला गेल्यावर आपल्याला नेमकं कळतं काय, आणि ते कशावरून कळतं, हा आमचा मुख्य प्रश्न आहे. तोही लांबच्या किल्ल्यांवरून नाही, तर एका दिवसात जाऊन यावं, घरचं दूध-पाणी सांभाळून संध्याकाळी परत यावं, अशा दोन किल्ल्यांवरून.

आधी घरचं बघू. 'किल्ला' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. पण आपल्या परंपरेत दुर्ग हा शब्द मोठा आहे. कौटिल्याने राज्याची सात अंगं सांगितली, त्यांत दुर्ग हे एक अंग. दुर्गाचे प्रकारही त्याने सांगितले आहेत. पाण्याचा, डोंगराचा, वाळवंटाचा, रानाचा. म्हणजे उंची ही दुर्गाची व्याख्या नव्हे. जिथे जाणं अवघड, तो दुर्ग. मराठीतही गिरिदुर्ग, जलदुर्ग यांच्या जोडीला भुईकोट आहे, आणि भुईकोटाचं धाकटं भावंड म्हणजे गढी. आपला प्रदेश या धाकट्या भावंडांचा आहे.

इंदापूरची गढी घ्या. मालोजीराजे भोसले, म्हणजे शिवाजी महाराजांचे आजोबा, यांचं नाव या गढीशी जोडलेलं आहे, आणि इंदापूरच्या लढाईतच ते पडले अशी परंपरा आहे. पुणे, सुपे, चाकण, इंदापूर ही भोसल्यांच्या जहागिरीची गावं. त्यातलं सुपे आपल्या बारामती तालुक्यात. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई, त्यांचे बंधू संभाजी मोहिते सुप्याला होते. शिवाजी महाराजांनी १६५६ च्या सुमारास सुपे त्यांच्याकडून ताब्यात घेतलं. नात्याने सावत्र मामा, पण ठाणं सोडलं नाही. स्वराज्याचा हा प्रसंग डोंगरात घडला नाही, तो आपल्या सपाटीवर घडला.

पुढे १६६० साली शाहिस्तेखान अहमदनगराहून निघाला, तेव्हा तो थेट डोंगरात घुसला नाही. सुपे, बारामती असा पूर्वेकडून वळसा घालत, नीरेच्या काठाने शिरवळकडे सरकत तो मे महिन्यात पुण्यात पोचला. एप्रिलमध्ये त्याची फौज बारामतीच्या बाजूला होती. लाखाच्या आसपासच्या फौजेला चारा, दाणा, पाणी कोण देतं? सपाटी देते. त्या उन्हाळ्यात इथल्या शेतकऱ्याचं काय झालं असेल, याची नोंद कुठल्याही बखरीत सापडायची नाही. डोंगरातला माणूस गडावर जाऊन बसतो. सपाटीवरच्या माणसाला जायला जागाच नसते. आणि म्हणूनच त्याला गढी लागते. चार बुरूज, एक विहीर, धान्याचं पेव, आणि दार लावून घ्यायची सोय. चार दिवस निभावले तरी पुष्कळ. पण भुईकोटाला कमी लेखू नका, बरं का. पुण्याहून निघून याच शाहिस्तेखानाने चाकणला वेढा घातला. चाकण हा साधा भुईकोट. फिरंगोजी नरसाळ्याने तो जवळजवळ दोन महिने लढवला. उंचीवर सगळं अवलंबून असतं तर हे झालं नसतं.

बारामतीचा भुईकोट म्हणजे कऱ्हेकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा. हे बारामतीकर जोशी घराणं सावकारीतलं, आणि पेशव्यांचं सोयरं. बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई या घरात दिलेली. थोरले बाजीराव १७४० मध्ये वारले, तेव्हा पेशवेपद आपल्याला मिळावं म्हणून बाबूजी नाईकांनी खटपट केली होती, रघूजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा होता. शाहू महाराजांनी वस्त्रं नानासाहेबांना दिली. दिली नसती तर पुण्याऐवजी बारामती पेशवाईचं गाव झालं असतं का, हा प्रश्न बारामतीकरांना आवडेल, पण त्याचं उत्तर आम्ही देणार नाही. (हशा.) याच बाबूजी नाईकांच्या आश्रयाला कविवर्य मोरोपंत होते. पंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्यावरचा. मृत्यू १७९४ चा, बारामतीचा. म्हणजे गडावर जन्मलेला माणूस आयुष्यभर राहिला कुठे, लिहिलं कुठे, तर सपाटीवरच्या कऱ्हेकाठी. गड जन्मभूमी असू शकतो. राहायला, खायला, लिहायला माणूस खालीच येतो.

आता वर जाऊ. बारामतीहून कऱ्हा उलटी धरली, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने निघालो, की मोरगाव लागतं, मग जेजुरी, मग सासवड. सासवडच्या पुढे सोनोरी नावाचं गाव आहे आणि गावाच्या डोक्यावर मल्हारगड. गडाला सोनोरीचा किल्ला असंही म्हणतात. चढ अर्ध्या-पाऊण तासाचा. आमच्या वयाच्या माणसाने तास धरावा आणि काठी न्यावी. गड लहान आहे, साधारण पाच एकरांचा. बाहेरचा तट तिकोनी, आत चौकोनी बालेकिल्ला, बालेकिल्ल्यात खंडोबा आणि महादेव अशी दोन देवळं. पडक्या वाड्याची जोती, विहीर, कोरडी टाकी. समोर पुरंदर आणि वज्रगड, एका बाजूला जेजुरी, हवा स्वच्छ असेल तर लांबवर सिंहगड. खाली दिवे घाट.

इथे येणारी मंडळी सहसा पहिला प्रश्न विचारतात, "शिवाजी महाराज इथं कधी आले होते?" उत्तर असं की आले नव्हते, कारण गडच नव्हता. मल्हारगड बांधला १७५७ ते १७६० या काळात, महाराजांच्या निधनानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी. बांधणारे सरदार पानसे. भिवराव यशवंत पानसे हे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार, सोनोरी हे त्यांचं गाव. गावात आजही पानशांची गढी आहे, बुरुजांची, आत देऊळ असलेली. महाराष्ट्रात बांधलेला हा शेवटचा गिरिदुर्ग मानतात. मल्हारगडानंतर डोंगरावर नवा किल्ला बांधायची गरज कोणाला वाटली नाही.

इथं थांबून विचार करण्यासारखं आहे. गड बांधणारा माणूस तोफखान्याचा आहे. तोफ दगडी भिंतीला काय करते, हे सबंध राज्यात ज्याला सर्वांत चांगलं माहीत, तोच दगडी भिंत बांधतोय. का बरं? बांधकाम संपलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १७६१ ला, पानिपत झालं. आणि साठ वर्षांच्या आत सगळंच संपलं. १८१८ मध्ये सिंहगड २ मार्चला पडला, पुरंदर १६ मार्चला, रायगड १० मे रोजी. ज्या गडांवर एकेकाळी वर्ष वर्ष वेढे चालत, ते थोड्या थोड्या दिवसांत इंग्रजांच्या ताब्यात गेले. उखळी तोफांचे गोळे तटावरून आत पडायला लागल्यावर तट कितीही उंच असून उपयोग नव्हता. मग पानशांना हे दिसत नव्हतं का?

या ठिकाणी आम्हाला एका तत्त्वज्ञाची आठवण होते. ऑक्सफर्डचे आर. जी. कॉलिंगवूड. हे गृहस्थ तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि त्याच वेळी रोमन ब्रिटनचे संशोधक, हातात फावडं घेऊन उत्खनन करणारे. उत्तर इंग्लंडमध्ये रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत आहे, समुद्रापासून समुद्रापर्यंत. तिथे सैनिक भिंतीवर उभे राहून लढत, असं सगळे धरून चालले होते. कॉलिंगवूड यांनी १९२१ मध्ये लिहिलं की भिंत लढायला नव्हती, ती पहारेकऱ्याने उंचावरून चालत नजर ठेवायची वाट होती. त्यांचं म्हणणं पुढे त्यांनी सिद्धान्त म्हणून मांडलं, की कुठलंही विधान हे कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं. प्रश्न माहीत नसेल तर उत्तराचा अर्थ कळत नाही. अवशेषांचंही तसंच. बांधकाम हे उत्तर आहे, आणि त्याचा प्रश्न हरवलेला असतो. गडावर जायचं ते तो हरवलेला प्रश्न शोधायला.

मल्हारगडाला "हा किती दिवस लढला असता?" असं विचारलं तर उत्तर निराशेचं येतं. पण "इथून काय दिसतं?" असं विचारून बघा. पुण्याहून सासवडकडे येणारा दिवे घाट दिसतो. कऱ्हेचं खोरं दिसतं. पुरंदर दिसतो. खाली सरदारांचं गाव दिसतं. म्हणजे हा गड वाटेवर नजर ठेवायला आहे, आणि थोडासा सरदाराची इभ्रत दाखवायलाही आहे. तोफखान्याच्या माणसाने फसून काही बांधलेलं नाही. त्याचा प्रश्नच वेगळा होता.

आता दुसरी वाट, इंदापूरकरांची. सोलापूर रस्त्याने पुण्याच्या दिशेने या. भिगवण, दौंडचा फाटा, मग यवत. यवतहून आत वळलं की सात-आठ किलोमीटरवर भुलेश्वर. आज गाडी देवळापर्यंत जाते, पण पाय धड असतील त्यांनी खालूनच चढावं, म्हणजे डोंगर कळतो. भुलेश्वर म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं हे यादवकालीन शिवमंदिर. श्रावणात गर्दी असते. आतलं कोरीव काम तुम्ही पाहिलं असेल, स्त्रीरूपातला गणपतीही पाहिला असेल. पण ज्या तटातून आपण आत शिरलो तो कशाचा, हे फार थोडे विचारतात. तो आहे दौलतमंगळ किल्ला.

तो बांधला कोणी? आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव. हाच तो, ज्याने १६३० च्या आसपास शहाजीराजांच्या जहागिरीवर चाल करून पुणं जाळलं, आणि गाढवाचा नांगर फिरवला अशी आठवण लोकांनी ठेवली. जिजाबाईंनी पुढे सोन्याच्या नांगराने पुणं पुन्हा वसवलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्या गोष्टीचा पहिला अर्धा भाग दौलतमंगळवर आहे. उजाड केलेल्या मुलखावर वचक ठेवायला देवळाच्या भोवती तट घातला. म्हणजे हा किल्ला 'आपला' नाही, तो आपल्यावर ठेवलेला आहे. यवतपासून पुढे पसरलेला सगळा सपाट मुलूख तिथून दिसतो. चारशे वर्षांपूर्वी त्या बुरुजावर उभा असलेला पहारेकरी याच मुलखाकडे बघत होता, आणि त्याच्या मनात काय होतं ते कळायला वेगळा पुरावा लागत नाही.

तर एका दिवसाच्या अंतरावरचे हे दोन किल्ले. एक महाराजांच्या नंतरचा, एक महाराज लहान असतानाचा आणि शत्रूचा. दोन्हींचा आपण नेहमी सांगतो त्या गोष्टीत समावेश नाही. आणि तरी दोन्ही खरे आहेत. आपल्याला पडकी भिंत दिसली की आपण तिला एकच गोष्ट सांगायला लावतो. हा भिंतीवर अन्याय आहे, आणि महाराजांवरही आहे. त्यांना उसन्या गडांची गरज नाही.

मग पडका गड वाचायचा कसा? आपल्याकडे न्यायदर्शनाने ज्ञानाची साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. आणि गंमत अशी की न्यायशास्त्रात अनुमानाचं जे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे, ते डोंगराचंच आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. हे उदाहरण ज्याने दिलं तो माणूस कुठे उभा आहे? डोंगराखाली, आपल्यासारखाच सपाटीवर. वर असता तर त्याला आग दिसलीच असती, अनुमानाची गरज पडली नसती.

गडावर तीन प्रमाणं कामाला येतात. पहिलं प्रत्यक्ष. डोळ्यांनी बघा, हाताने लावून बघा. दगड घडीव आहे की ओबडधोबड, मध्ये चुना आहे की कोरडी रचाई, पायरी झिजली ती कुठल्या बाजूने. दुसरं अनुमान. जोतं एवढं रुंद, म्हणजे वरचा वाडा मातीचा असणार आणि माती वाहून गेली. टाकं एवढं लहान, म्हणजे इथे शिबंदी थोडी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड कसा बांधावा आणि राखावा याची शिकवण आहे. त्यात भर पाण्यावर आहे, की आधी पाणी बघा, नसेल तर खडक फोडून टाकी करा, एका झऱ्यावर विसंबू नका. म्हणून गडावर गेलात की आधी पाणी शोधा. पाण्याने माणसांची संख्या कळते. पण अनुमानात फसगतही असते. नैयायिक सांगतात, लांबून धुकं दिसलं आणि त्याला धूर समजलात, तर आग नसलेल्या डोंगरावर आग दिसेल. गडावर असं धुकं फार असतं. कोनाडा दिसला की "इथं राणी बसायची", आणि खड्डा दिसला की "हे भुयार थेट पुरंदरला निघतं". पंचवीस मैलांचं भुयार खोदायचं ठरवलं तर राज्य चालवायला वेळच उरायचा नाही हो.

तिसरं प्रमाण शब्द. म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. इथे आपली मोठी गफलत होते. आपण मोबाईलवर वाचतो, फलकावर वाचतो, आणि पायथ्याच्या माणसाला विचारत नाही. गडावर नाव सरदाराचं असतं, पण गड राखला कोणी? रामोशी, कोळी, महार, मेटकरी. दगड फोडला पाथरवटांनी आणि वडारांनी. उमाजी नाईक हे पुरंदराखालच्या भिवडीचे. त्यांचं घराणं पुरंदरच्या राखणीतलं. इंग्रजी अंमल आला, गडांची राखण संपली, राखणदारांचं वतन आणि पोट दोन्ही गेलं, आणि त्यातून उमाजींचं बंड उभं राहिलं. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिली. मल्हारगडाच्या परिसरातही त्यांच्या आणि पुढे वासुदेव बळवंत फडक्यांच्या वावराच्या आठवणी सांगतात. आपण ज्याला पडका गड म्हणतो, तो पडला तेव्हा नुसते दगड पडले नाहीत. त्याच्यावर जगणारी घरं पडली. ही गोष्ट फलकावर नसते, ती वाडीवस्तीवर विचारावी लागते.

आता जरा आजचं बोलू, कारण त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात आपल्या पुणे जिल्ह्यातले तीन आहेत, शिवनेरी, लोहगड आणि राजगड. आनंद आहे, पेढे वाटावे असा आनंद आहे. पण यादीचा एक स्वभाव असतो. यादीत जे आलं त्याच्याकडे पैसा, लक्ष, गर्दी जाते, आणि यादीच्या बाहेरचं आणखी बाहेर पडतं. मल्हारगड, दौलतमंगळ, आणि त्यांच्याही खाली गावोगावच्या गढ्या. कायदा आहे, १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा. पण कायद्याचं संरक्षण घोषित झालेल्या स्मारकाला मिळतं. गावाच्या मधोमध निम्मी ढासळलेली, बाभळींनी भरलेली गढी बहुधा कुठल्याच यादीत नसते.

आणि गढी दगडाची कमी, मातीची जास्त. खाली दगडाच्या चार ओळी, वर पांढऱ्या मातीचे बुरूज. आपल्या भाषेत गावठाणाला 'पांढरी' म्हणतात आणि शेताला 'काळी'. पिढ्यान् पिढ्या माणसं, गुरं, चुली, राख जिथे मुरली ती पांढरी. शेतकऱ्याला हे कळायला रसायनशास्त्र लागलं नाही. त्याने पांढरीची माती गाड्या भरून काळीत नेली, कारण तिने पीक येतं. अनेक गढ्या अशा शेतात पसरल्या गेल्या. एका व्याख्यानानंतर एका शेतकरी बंधूने आम्हाला सरळ विचारलं होतं, "सर, गढी पडूनच चाललीय. तिच्या मातीनं माझं रान पिकत असेल तर वाईट काय?"

हा प्रश्न झटकण्यासारखा नाही. दुष्काळी मुलखात मूठभर कसदार मातीचं मोल काय असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. ज्या माणसाला आठवड्याचं पाणी मोजून मिळतं, त्याला वारशाचं प्रवचन देणं सोपं असतं आणि खोटं असतं. तेव्हा आमचं उत्तर असं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथली अशीच एक पांढरीची टेकाडं डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून बारा हंगाम उकरली. आणि त्या मातीतून तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी बाहेर आला. त्याची घरं, त्याचं धान्य, घराच्या जमिनीखाली पुरलेली त्याची माणसं, पाणी वळवायचा त्याचा पाट. राजा नाही, लढाई नाही. आपल्यासारखाच एक शेतकरी. ती माती कोणी आधीच रानात पसरली असती, तर त्याचं रान एक-दोन हंगाम बरं पिकलं असतं, आणि तीन हजार वर्षांचा शेतकरी कायमचा गेला असता. माती पुन्हा पांढरी होऊ शकते, पण तिच्यातला क्रम एकदा मोडला की परत लागत नाही. म्हणून आमचं मागणं एवढंच की फावडं लावण्याआधी बघा, मोजा, फोटो काढा, कोणाला तरी दाखवा.

दुसऱ्या टोकाला अतिउत्साह आहे. पैसा आला की गावकरी गढीला सिमेंटचा गिलावा करतात, कमान उभी करतात, रंग देतात. भावना चांगली असते. पण चुन्याची भिंत श्वास घेते, आतली ओल बाहेर टाकते. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि भिंत आतून फुगते. पिंपळ-उंबराची मुळं वेळीच काढणं, पाण्याला उतार देणं, पडलेला दगड जागेवरच ठेवणं, हे स्वस्त आहे आणि खरं आहे. पडकं ते पडकंच दिसू द्यावं. त्याचं पडणं हासुद्धा इतिहासाचा भाग आहे.

आणि अवशेष फक्त डोंगरावरच असतात असंही नाही. इंदापूर तालुक्यात पळसदेव आहे. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी फुगलं, आणि पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की शिखर दिसतं, कधी सबंध देऊळ उघडं पडतं, आणि माणसं होडीने, कधी चालत बघायला जातात. त्या गर्दीत फोटो काढणारे असतात, आणि काही म्हातारी माणसं असतात, ज्यांना देवळाच्या पलीकडे आपलं घर कुठे होतं ते बोटाने दाखवता येतं. मल्हारगडावर असं बोट दाखवणारा आता कोणी उरला नाही. पळसदेवला अजून आहे. दहा-पंधरा वर्षांनी तोही नसेल. ज्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे, त्याच पाण्याखाली कोणाची तरी पांढरी आहे, हे विसरून आपण पुढे जाऊ नये.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. पोरांना राजगडला, रायगडला जरूर न्या. पण त्याआधी आपल्या गावची गढी दाखवा. मग एका रविवारी बारामतीकरांनी कऱ्हा धरून मल्हारगड चढावा, इंदापूरकरांनी यवतवरून भुलेश्वरला जावं आणि देवळाबरोबर तटही बघावा. वर गेल्यावर तीन गोष्टी करायला सांगा. पाणी शोधायचं. इथून काय दिसतं ते कागदावर काढायचं. आणि उतरल्यावर पायथ्याच्या एका तरी म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, "बाबा, तुमच्या घरातलं कोणी वर होतं का?" भिंतीवर नाव कोरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. पानशांनी सबंध गड बांधला आणि आपल्यापैकी किती जणांना त्यांचं नाव आज सकाळपर्यंत माहीत होतं?

परत येताना सासवड सोडलं की डोंगर मागे पडतो आणि कऱ्हा आपल्याबरोबर खाली यायला लागते. पुरंदराच्या बाजूचं पाणीच ते, मोरगाववरून बारामतीला येतं आणि पुढे नीरेला मिळतं. गडाच्या अंगाखांद्यावरची माती तिने शतकानुशतकं आपल्या रानात आणून टाकली आहे. तेव्हा डोंगरातला इतिहास तिकडचा आणि आपली शेती इकडची, ही वाटणी नदीने कधी केलेली नाही. ती आपण केली.

आमचं बोलणं इथे थांबवतो. गावच्या गढीबद्दल कोणाला काही सांगायचं असेल तर ते आधी ऐकू, प्रश्न मागाहून घेऊ.